मिनरल पावडर चेहऱ्यावर करडी का दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, शाळेत शिकवता, रोज डोंबिवली ते दादर लोकलने जाता-येता. रंग गव्हाळ, कपाळ आणि नाक तेलकट, गाल मात्र कोरडे, आणि दोन्ही गालांवर वांगाचे फिकट डाग. लिक्विड फाउंडेशनने चेहरा लिंपल्यासारखा वाटतो म्हणून सुट्या मिनरल पावडरची ८ ग्रॅमची डबी आणि आखूड दांड्याचा काबुकी ब्रश घेतलात. दुकानात सांगितलं, लावलंय हे कुणाला कळणारही नाही. घरी लावल्यावर चेहरा करडा दिसला, लेक म्हणाली, "आई, खडूच्या डब्यात तोंड घातलंस का?" आणि दादर येईपर्यंत तीच पावडर कपाळावर तपकिरी होऊन ठिपक्याठिपक्यांनी फुटली. पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे. चूक डबीची की हाताची, हे तुम्हांला हवंय.

थोडी डबीची, बरीचशी हाताची. हात म्हणजे तुमचा दोष असं मी म्हणत नाही, कारण ही पावडर कशी लावायची हे दुकानात कुणी सांगतच नाही. ब्रश गालावर दोनदा फिरवून आरसा पुढे करतात. मी गेली चोवीस वर्षं रंगभूषा करते, त्यातली पहिली सहा हौशी नाटकांच्या रंगपटात गेली, आणि मिनरल पावडर मला कळली ती त्या रंगपटामुळे.

तिथे एक म्हातारे रंगभूषाकार होते. पॅनकेकच्या, म्हणजे रंगभूषेच्या तयार रंगाच्या वड्या बाजारात सहज मिळत असूनही पौराणिक नाटकाला ते जुन्या पद्धतीनेच बसायचे. तळहातावर जस्ताचा सफेदा, त्यात चिमूटभर पिवडी, कणभर हिंगूळ आणि वर खोबरेल तेलाचे थेंब. मग अंगठ्याने घोटणं सुरू. किती घोटायचं? रंग तळहातावर आरशासारखा एकसंध दिसेपर्यंत. तेल कमी पडलं तर नटाचा चेहरा भिंतीसारखा दिसे, जास्त झालं तर दुसऱ्या अंकात रंग मानेवर उतरे. निम्मं काम रंगाचं, निम्मं तेलाचं.

(हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. खनिज असलं म्हणजे निर्धोक असतं या समजाला तेवढं एकच उदाहरण पुरे. आता तो कुणी तोंडाला लावू नये.)

तुमच्या डबीत आज जे आहे ते त्या तळहातावरच्या रंगापेक्षा फार वेगळं नाही. पांढरेपणासाठी आणि झाकण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, त्याच्या जोडीला झिंक ऑक्साइड, म्हणजे तोच जस्ताचा सफेदा, फक्त जास्त बारीक आणि शुद्ध. घसरणुकीसाठी आणि हलक्या चकाकीसाठी अभ्रक. आणि रंगासाठी लाल, पिवळा, काळा असे तीन आयर्न ऑक्साइड. साध्या शब्दांत लोखंडाचे गंज. गेरूचा लाल रंग ज्यामुळे येतो तेच. कोकणस्थ गोरेपणापासून गडद सावळ्यापर्यंत कुठलीही छटा याच तीन गंजांच्या आणि एका पांढऱ्याच्या प्रमाणांतून निघते. सौंदर्यप्रसाधनांत हे गंज खाणीतून काढलेले नसतात, कारखान्यात तयार केलेले असतात, कारण जमिनीतल्या गेरूसोबत शिसं आणि आर्सेनिक येऊ शकतं. आपल्याकडे प्रसाधनातल्या रंगद्रव्यात शिसं दहा लाखांत २० भाग आणि आर्सेनिक दहा लाखांत २ भाग याहून जास्त चालत नाही. तेव्हा डबीवर 'नैसर्गिक खनिजं' लिहिलेलं असलं तरी त्यातलं बरंचसं प्रयोगशाळेतलं असतं, आणि ते तसं असलेलंच बरं.

मग रंगपटातल्या त्या तळहातात आणि तुमच्या डबीत फरक काय? डबीत तेल नाही. लिक्विड फाउंडेशनमध्ये रंग तेलात किंवा सिलिकॉनमध्ये घोटून मिळतो. दाबून बसवलेल्या कॉम्पॅक्टमध्येही वडी धरून राहावी म्हणून थोडं तेलकट बंधक घालतात. सुटी मिनरल पावडर मात्र जवळजवळ कोरडा रंग असते. तिला धरून ठेवणारं तेल तुमच्या चेहऱ्याने पुरवायचं असतं आणि घोटायचं काम ब्रशने करायचं असतं. तुमच्या दोन्ही तक्रारी, गालावरचा खडू आणि कपाळावरचे ठिपके, या एकाच गोष्टीतून आलेल्या आहेत.

पहिल्या पावसात अंगणातली माती कशी गडद होते ते आठवा. मातीचा रंग तोच असतो. कोरड्या कणांमध्ये हवा असते, तिथे उजेड इकडेतिकडे फुटतो आणि माती फिकी दिसते. हवेच्या जागी पाणी शिरलं की उजेड आत जातो आणि माती गडद दिसते. वडापावचा कागद तेलाने भिजला की आरपार दिसायला लागतो, तेही याच कारणाने. चेहऱ्यावर पाण्याऐवजी तेल असतं एवढंच. त्वचेच्या तेलाचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड आत शिरताना किती वळतो तो आकडा, साधारण १.४७, अभ्रकाचा १.६ च्या आसपास. दोन्ही इतके जवळ की तेलात भिजलेलं अभ्रक जवळपास नाहीसं होतं. झिंक ऑक्साइडचा २ आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा २.५ ते २.७. ते तेलातही पांढरंच राहतं.

आता तुमचे कोरडे गाल बघा. तिथे तेल नाही, कणांमध्ये हवा तशीच, म्हणून सगळी पावडर पांढुरकी. त्यात गव्हाळ रंगावर पांढरा थर आला की डोळ्याला तो पांढरा न दिसता करडा दिसतो. कपाळावर उलट. सकाळी ठीक, मग घाटकोपर-कुर्ल्यापर्यंत तेल आणि घाम येतो, पावडर भिजते, अभ्रक विरतं, गंजांचा खरा गडदपणा वर येतो, आणि जिथे जास्त पावडर बसली होती तिथे तिचे ठिपके होतात. दुकानातल्या मुली याला 'ऑक्सिडाइज झालं' म्हणतात. पण आयर्न ऑक्साइड आधीच गंजलेलं असतं, ते चेहऱ्यावर आणखी काय गंजणार? ते फक्त भिजलेलं असतं.

म्हणून छटा निवडताना मनगटावर रेघ ओढून बघू नका. मनगटाला तेल नसतं आणि रंगही चेहऱ्याचा नसतो. जबड्याच्या कडेला, जिथे गाल संपून मान सुरू होते, तिथे थोडी पावडर नीट घोटून लावा आणि तासभर दुसरं काहीतरी करा. मग खिडकीशी, दिवसाउजेडी बघा. पावडर भिजून जो रंग येईल तो तुमचा दिवसभराचा रंग. आपल्याकडे बहुतेकींचं कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग गालापेक्षा एक-दोन छटा गडद असतो. त्यामुळे 'चेहऱ्याशी जुळवा' म्हटलं की प्रश्न पडतो, कुठल्या चेहऱ्याशी? मी मानेशी जुळवते. ज्यांचा गळा उन्हाने काळवंडलाय त्यांच्या बाबतीत कानामागून खाली उतरणारी बाजूची मान बघते.

गव्हाळ कातडीचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. कुणात पिवळी झाक असते, कुणात तांबूस, आणि बऱ्याच जणींत हिरवट, कच्च्या ऑलिव्हसारखी. दुकानात उभ्या-उभ्या मिळणाऱ्या मधल्या छटा बहुधा गुलाबी बाजूला झुकलेल्या असतात. हिरवट झाकेवर गुलाबी पावडर म्हणजे राख. तुमची डबी अशीच असेल असा मला संशय आहे, कारण 'खडू' हा शब्द गोऱ्या छटेला वापरतात, तर 'करडा' चुकलेल्या झाकेला, आणि तुम्ही दोन्ही वापरलेत. डबी फेकू नका. त्याच कंपनीची एक छटा गडद, पिवळ्या बाजूची सगळ्यांत छोटी डबी किंवा नमुन्याची पुडी घ्या. झाकणात तीन भाग जुनी आणि एक भाग नवी असं कोरडंच मिसळून बघा. सुट्या पावडरीचा हा एक मोठा फायदा आहे, लिक्विडमध्ये इतक्या सहज जमत नाही. मे महिन्यात गडद भाग वाढवायचा, जानेवारीत कमी करायचा. फक्त घरातली हळद मिसळू नका. दर दोन-तीन महिन्यांनी एखादी तरी मिसळून येते. हळद कातडी रंगवते, घोटून पसरत नाही, आणि धुतल्यावर पावडर जाते पण पिवळा मागे उरतो.

लेबलही एकदा वाचा. घटक साधारणपणे जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. अभ्रक पहिलं असेल तर पावडर हलकी आणि थोडी चमकणारी. टायटॅनियम डायऑक्साइड वरच्या बाजूला असेल तर झाकेल चांगलं, पण आपल्या रंगावर पांढरेपणाही आणेल. इथे एक पळवाट असते: रंग म्हणून वापरलेले घटक यादीच्या शेवटी आकड्यांनी लिहिता येतात. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ७७९४७ झिंक ऑक्साइड, ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे अनुक्रमे लाल, पिवळा आणि काळा गंज. त्यातला ७७१६३ दिसला तर थांबा. तो बिस्मथ ऑक्सिक्लोराइड. मोत्यासारखी चमक देतो, हाताला लोण्यासारखा लागतो, आणि काही जणींना घाम आला की त्याने खाज सुटते. मी सुरुवातीच्या काळात एका करवलीला तशीच पावडर लावली होती. एसी हॉलमध्ये तासभर छान होती, वरात निघाल्यावर बिचारी नवरीच्या मागे उभी राहून पदराच्या टोकाने गाल खाजवत होती. तेव्हापासून लेबल न वाचता मी काही लावत नाही. मिनरल मेकअपची लाट अमेरिकेतून आली, नव्वदीच्या दशकात टीव्हीवरून विकला जाऊन तो घरोघरी पोचला, आणि तेव्हाच्या गाजलेल्या पावडरीत बिस्मथ असायचं. 'मिनरल म्हणजे कुणालाही चालणारं' हे वाक्य त्या काळापासून चालत आलंय. ज्यांना चालत नाही त्या गप्प डबी कपाटात ठेवून देतात.

अभ्रकाबद्दलही एक गोष्ट सांगते, मेकअपशी तिचा थेट संबंध नसला तरी. झारखंडात कोडरमा आणि गिरिडीह भागात टाकून दिलेल्या खाणींतून लहान मुलं अभ्रकाचे तुकडे वेचतात, त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. तिथे मुलं दगावल्याच्या बातम्या आल्यावर काही कंपन्यांनी कारखान्यात बनवलेलं अभ्रक वापरायला सुरुवात केली. लेबलवर 'सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट' असं जिभेला गाठ मारणारं नाव असेल तर ते तेच. मी जमेल तेव्हा ते घेते. चमकही जास्त स्वच्छ असते.

आता हाताकडे येऊ.

रात्री झोपताना किंवा अंघोळीनंतर गालांना मॉइश्चरायझर हवंच. तुमचे गाल कोरडे म्हणजे तेलाचा पुरवठा कमी, तो आपण बाहेरून करायचा. सकाळी तोंड धुऊन, पूर्ण न पुसता, गालांना क्रीम आणि कपाळ-नाकाला अगदी नावापुरतं. मग सनस्क्रीन. आणि मग थांबा. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. डबा भरा, केस विंचरा. साडी पावडरीनंतर नेसलात तर पावडर खांद्यावर पडेल तेही टळतं. वेळ झाली की बोटाची मागची बाजू गालाला लावून बघा: किंचित पकडल्यासारखं वाटलं पाहिजे, पण बोटाला काही लागता कामा नये. ओलं असेल तर पावडर जिथे टेकेल तिथेच चिकटेल आणि पुढे सरकणार नाही. तुमच्या कपाळावरचे ठिपके बहुतेक असेच जन्मले असणार. पावडर लोकलमध्ये फुटली, पण बी घरीच पेरलं होतं. पंधरा मिनिटांनंतरही कपाळ ओलसर वाटलं तर टिपकागद किंवा जुन्या मलमलीचा तुकडा दाबून उचला, पुसू नका.

पंखा बंद करा. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळ्या हसतात. सुटी पावडर पंख्याखाली उघडली की निम्मी ड्रेसिंग टेबलवर आणि थोडी फुप्फुसात. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या धुळीला श्वासावाटे 'कदाचित कर्ककारक' अशा गटात टाकलं, मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांवरून. त्वचेवर लावण्याशी त्याचा संबंध नाही, पण धूर उडवत लावायचं कारणही नाही. दमा असणाऱ्यांनी सुटी पावडर टाळून दाबलेली घ्यावी. तिच्यात तेल थोडं आधीच असतं, एवढं धरून चालावं.

झाकणात किती घ्यायची? तुरीच्या दोन डाळींएवढी. पूर्ण चेहऱ्याला. हसू येईल, पण तुम्ही काबुकी डबीतच बुचकळलात ना, तेव्हा पाचपट आली. ब्रश झाकणात गोल फिरवा, पावडर दिसेनाशी होईपर्यंत. ती केसांच्या आत गेली पाहिजे, टोकावर राहिली नाही पाहिजे. मग ब्रश उभा धरून त्याची मूठ टेबलावर एकदा ठोका, पावडर आत उतरते. मग गालाच्या बाहेरच्या बाजूला, कानाजवळ, छोटे छोटे गोल. दाब किती? चपातीला तूप लावतो तेवढा. ब्रशचे केस किंचित वाकले पाहिजेत. वीस-पंचवीस सेकंद एकाच जागी. रंगपटातला तो अंगठा इथे ब्रश झाला. कातडीतलं तेल आणि पावडर एकमेकांत मुरेपर्यंत घोटत राहायचं. सुरुवातीला फिकं दिसेल, मग एकदम रंग 'बसतो' आणि कातडी दिसायला लागते. बहुतेक जणी तो क्षण यायच्या आधीच थांबतात आणि झाकलं नाही असं वाटून आणखी पावडर घेतात. खडू तयार होतो तो तिथे.

बाहेरून आत या: कान, गाल, मग नाकाकडे, कपाळ सगळ्यांत शेवटी, ब्रशमध्ये जे उरलं असेल तेवढ्यावर. कपाळाला वेगळी पावडर घ्यायचीच नाही. तिथे तेल आहे, तिथे थोडीही पुरते. हनुवटी आणि वरच्या ओठावरही तसंच. शेवटी ब्रश वरून खाली हलका फिरवा. चेहऱ्यावरची लव खालच्या दिशेने असते, उलट फिरवलं की प्रत्येक केसाला पावडर लागते आणि उन्हात ती चमकते. थ्रेडिंग केलेल्या दिवशी काही लावू नका, निदान दुसऱ्या दिवसापर्यंत.

एवढं झालं की दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करा आणि गालांवर वीस सेकंद दाबून धरा, सरकवू नका. हा माझा सगळ्यांत आवडता भाग, कारण त्याला पैसे लागत नाहीत. उष्णतेने तेल वर येतं, वरची कोरडी पावडर विरते. तुमचे गाल फारच कोरडे वाटले तर हाताभराच्या अंतरावरून बारीक फवाऱ्याचं गुलाबपाणी एकदाच, आणि मग तळहात. मोठे थेंब पडणारी बाटली असेल तर नको, थेंबाचे डाग पडतात.

वांगाचं वेगळं. ते पावडरीने झाकायला गेलात की थर वाढतो, आणि डागाऐवजी थर दिसतो. आधी, म्हणजे सनस्क्रीन सुकल्यावर आणि पावडरीपूर्वी, पीच किंवा फिकट नारिंगी क्रीम कन्सीलर डागाच्या मध्यभागी ठिपका देऊन अनामिकेने थोपटा. नारिंगी रंग डागातला करडा-निळसरपणा मारतो. डोळ्याखालच्या काळ्यालाही हेच. मग वर पावडर घोटू नका, ब्रश नुसता दाबा. क्रीम नेहमी पावडरीच्या खाली. वर लावलंत तर गोळे होतात आणि ते सारखे करताना खालचंही निघतं. आणि वांग सत्तर टक्के झाकलं की थांबा. शंभर टक्के झाकलेला गाल समोरून नैसर्गिक दिसत नाही, तो झाकलेला दिसतो. तुमच्या शाळेतल्या मुलांना तुमचा चेहरा माहीत आहे, डाग थोडा फिका झाला तर त्यांना तुम्ही झोप झालेल्या वाटाल, बस.

वांगावरून सनस्क्रीनचं. डबीवर एसपीएफ १५ लिहिलंय म्हणून सनस्क्रीन सोडू का, असं तुम्ही विचारलंय. नका सोडू. एसपीएफ मोजताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देतात. चेहरा साधारण ५०० ते ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका वेळेला १ ते १.२ ग्रॅम पावडर. तुमची ८ ग्रॅमची डबी आठवडाभरात संपायला हवी. ती तुम्हांला चार-पाच महिने जाईल, मग लिहिलेलं संरक्षण कुठून मिळणार? एक गोष्ट मात्र खरी आहे. वांगाला नुसतं अतिनील ऊनच नव्हे, डोळ्यांना दिसणारा उजेडही वाढवतो, विशेषतः आपल्यासारख्या रंगात, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड उपयोगी पडतं. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ वांग असणाऱ्यांना रंग असलेलं सनस्क्रीन सुचवतात. तुमच्यासाठी मी तेच म्हणेन: साध्याऐवजी गव्हाळ छटेचं सनस्क्रीन भरपूर लावा. अर्धं काम तिथेच होतं आणि पावडर दोन डाळींवरून एका डाळीवर येते.

दादरला उतरल्यावर काय? आरसा काढून लगेच पावडर लावू नका. आधी टिपकागद, कपाळ, नाकाच्या बाजू, वरचा ओठ. तेल आणि घाम उचलला की ठिपके बऱ्यापैकी मवाळ होतात, मग रिकाम्या ब्रशने, पावडर न घेता, दोन फेरे. बहुतेक दिवशी एवढ्यावर भागतं. तेलावर कोरडी पावडर टाकणं म्हणजे ओल्या ओट्यावर पीठ सांडणं. ब्रश पर्समध्ये उघडा ठेवू नका, आणि दर आठवड्याला बेबी शॅम्पूने धुऊन केस खाली येतील असा टांगून वाळवा. ओला ब्रश डबीत कधीही घालू नका. कोरड्या खनिजात पाणी नसतं म्हणून जंतू वाढत नाहीत, पाणी तुम्ही आणलंत तर ते वाढायला मोकळे.

झोपताना ठेवलं तरी चालतं, असंही तुमच्या दुकानात सांगितलं म्हणता. ही या प्रकाराची जुनी जाहिरात. पावडर एकटी असती तर कदाचित वाद घातला नसता. पण तिच्याखाली सनस्क्रीन आहे, वर लोकलची धूळ आहे, मध्ये घाम आहे. आधी तेलकट क्लेन्झरने, मग साध्या फेसवॉशने धुवा. पुटकुळ्या येत असतील तर त्या कामाला खोबरेल नको.

बाकी चेहऱ्याचं पटकन. मिनरल ब्लश घेतलात तर गुलाबी नको, विटकरी किंवा तपकिरीकडचा घ्या, आणि ब्रशला लावून आधी हातावर झटका. काजळ नेहमीचंच. ओठांना तुमच्या ओठांच्या रंगाहून एक छटा गडद. भुवया भरायच्या असतील तर मोकळ्या जागांपुरत्या.

राहिली मुंज. तिथे तुमचा शत्रू फोटोग्राफरचा फ्लॅश. टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड आणि बारीक सिलिका फ्लॅशचा उजेड सरळ कॅमेऱ्याकडे परत फेकतात. मी एका साखरपुड्याला हे विसरले होते, अल्बममध्ये आई-मावश्या सगळ्यांची तोंडं मानेपेक्षा पांढरी आली आणि तो अल्बम त्या घरात अजून आहे. म्हणून आठवडाभर आधी पूर्ण तयारी करा, तासभर बसा, मग लेकीला अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा फ्लॅश लावून दोन-तीन हातांवरून फोटो काढायला सांगा. पांढरं दिसलं तर डोळ्याखालची आणि कपाळाची पावडर निम्मी करा, बिस्मथवाली काही असेल तर ती बाजूला ठेवा, आणि वरून सिलिकाची अर्धपारदर्शक 'एचडी' पावडर कुणी सुचवली तरी अजिबात घेऊ नका. मे महिन्यातली मुंज, पहाटेपासून होमाचा धूर आणि मातृभोजनाला डोळ्यांत पाणी येणारच, तेव्हा डोळ्याखाली जेवढं कमी तेवढं बरं.

नथीचा फासा नाकाला टेकतो तिथली पावडर टिपकागदाने काढून टाका, नाहीतर दोन तासांनी तिथे तपकिरी गोल उमटतो. आणि टिकलीचा गोंद पावडरीवर धरत नाही. दोन भुवयांच्या मधली जागा कापसाच्या ओल्या बोळ्याने पुसा, कोरडी होऊ द्या, मग टिकली लावा.